दोनशे बार आणि हिरवा फोटा

‘म्हणजे चिक्कीच ना?’

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मी मान हलवून ‘नाही’ म्हणते. मी ओट्सचे बार करते. अंबरनाथ पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात. ओट्स, बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया, गूळ, साजूक तूप आणि मसाला. मसाला म्हणजे सुंठ, दालचिनी, जायफळ आणि नावाला लवंग. हे सगळं कालवायचं, ट्रेमध्ये थापायचं, ओव्हनमध्ये भाजायचं आणि चौकोनी कापायचं. चिक्की दातांशी भांडते, बार भांडत नाही. एवढं सांगून झालं की समोरचा म्हणतो, ‘हां हां, म्हणजे हेल्दी चिक्की.’ मग मी एक तुकडा त्याच्या हातावर ठेवते. तोंड भरलेलं असलं की माणूस वाद घालत नाही.

त्याआधी मी इथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. त्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कारखाना बंद पडला, आम्ही घरी बसलो, एवढंच. पण तिथली एक सवय अंगात मुरली होती. कुणी तोंडी आकडा सांगितला, की तो परत म्हणून दाखवायचा आणि ‘बरोबर?’ असं विचारायचं. इतक्या वर्षांत ती सवय मी एकदाच मोडली. त्या एका वेळेने माझी अशी काही फजिती केली, की आजही आठवलं की आधी घाम फुटतो आणि मग हसू.

पण आधी बारविषयी सांगते, म्हणजे फजिती नीट कळेल.

लोकांना वाटतं, ओव्हनमध्ये ढकललं की झालं. अहो, निम्मं काम त्याच्या आधी होतं. ओट्स कोरडेच मंद आचेवर भाजायचे, घरभर खमंग वास सुटेपर्यंत. बदाम वेगळे भाजायचे, अक्रोड वेगळे, कारण अक्रोड लवकर करपतो आणि करपला की कडू. मग गूळ आणि तूप. गुळाचा पाक थेंबभर पाण्यात टाकून बघायचा. बोटांत मऊ गोळी झाली की गॅस बंद! दोन मिनिटं जास्त झाली तर खरंच चिक्की होते आणि कमी झाली तर चिवडा. थापताना सपाट बुडाची वाटी घेऊन सगळ्या अंगाने दाबायचं. कापायचं ते कोमट असताना. गरम कापलं तर चुरा, गार कापलं तर सुरी बंद पडते. मधली दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांत माझ्या घरात फोन वाजला तरी कुणी उचलत नाही आणि बेल वाजली तर पाहुणा बाहेरच.

गिऱ्हाइकंही एकेक नग असतात. चिखलोलीच्या नव्या सोसायटीतला एक व्यायामवाला तरुण आला होता. म्हणाला, ‘आंटी, गूळ नको, तूप नको, मीठ नको, ड्रायफ्रूट पण कमी.’ मी म्हटलं, ‘बाळा, मग खोकंच खा, ते मी फुकट देते.’ तो हसला आणि नेहमीचेच दोन डबे घेऊन गेला. बदलापूरच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘ओट्स उपासाला चालतात का हो?’ मी म्हटलं, मला नाही माहीत. त्या म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाई म्हणतात, ज्याला मराठी नाव नाही ते उपासाला चालतं.’ या न्यायाने त्या घरात आता चतुर्थीला पास्ताही चालत असेल.

माझा सुकामेवा येतो उल्हासनगरहून. तिथे एक सिंधी कुटुंबाचं जुनं दुकान आहे. सकाळच्या वेळी गादीवर घरातली म्हातारी बसायची, ईश्वरीदादी. दुकान त्यांच्या नवऱ्याने उभं केलेलं. नवरा गेल्यावर बरीच वर्षं त्यांनी एकटीने चालवलेलं. आता कारभार मुलाकडे, हरेशकडे. दादींचं काम एवढंच, की सकाळी अगरबत्ती लावायची आणि हरेश येईपर्यंत बसायचं. माझं त्यांच्याशी जमलं ते अक्रोडावरून. मी प्रत्येक वेळी अक्रोड फोडून, वास घेऊन, मगच घ्यायची. एकदा त्या म्हणाल्या, ‘तू पहली औरत है जो सूँघ के लेती है. करती क्या है इतने अखरोट का?’

पुढच्या खेपेला मी डबा घेऊन गेले. दादींनी एक बार मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिल्या. मला वाटलं, दाताला लागलं की काय! मग म्हणाल्या, ‘मेरी माँ सर्दियों में खोराक बनाती थी. वो याद आ गया.’ खोराक म्हणजे त्यांच्याकडचा थंडीतला सुकामेव्याचा पौष्टिक गोड पदार्थ. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी काजू घ्यायलाच विसरले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दादींनी मला गादीजवळ बसवून घेतलं. नातीची, कशिशची, पक्की मिश्री ठरली होती. आपला साखरपुडा, तशी त्यांची मिश्री. शनिवारी सकाळी अकराला, उल्हासनगरातल्याच एका हॉलमध्ये. पाहुण्यांना वाटायचा गोड पदार्थ माझे बार असावेत, असं दादींच्या मनात होतं. दोनशे!

मी सवयीने आकडा परत म्हणून दाखवला, ‘दो सौ? बरोबर?’ तोपर्यंत माझी मोठ्यात मोठी ऑर्डर चाळीसची. मी ‘हो’ म्हणेपर्यंत हरेश आत आला आणि आईला म्हणाला, ‘अम्मा, सगाई में घोड़े का दाना बाँटोगी? लोग हँसेंगे.’ माझ्यासमोर! तो मागे गोदामात गेल्यावर दादींनी माझा हात धरला.

‘देख मंदा, घर में अब कोई मुझसे पूछता नहीं. हॉल उन्होंने देखा, कपड़े उन्होंने लिए, कार्ड छप के आया तब मैंने देखा. बस मिठाई के लिए मैं अड़ गई. बोल दिया, मिठाई मेरी तरफ़ से. अब तू सँभाल.’

घरी परत येताना मला हरेशचा भयंकर राग आला होता आणि मनातून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. हे नुसते दोनशे बार नव्हते. एका बाईचा तिच्याच घरातला उरलासुरला शब्द होता. तो पडला असता तर परत त्यांना कुणी काही विचारलंच नसतं. मी ठरवलं, असे बार करीन की हरेश बोटं चाटत बसेल.

सोमवारी दादींचा फोन आला. मागे दुकानातला गोंगाट, कुणीतरी पोती आपटत होतं.

‘मंदा, एक बात रह गई. उसमें फोटा डालना.’

‘फोटो?’

‘हाँ हाँ, फोटा. हर पीस में आना चाहिए. कशिश को बहुत पसंद है.’

‘कौनसा डालू, दादी?’

‘हरावाला. अच्छा, बड़ा देख के. और ऐसे ही मत डालना, काट के डालना.’

फोन बंद. सिंधी लोक शब्दांचा शेवट जरा वेगळा करत असतील, असं मी माझ्या मनाने ठरवूनही टाकलं. परत विचारलं नाही. ‘बरोबर?’ म्हटलं नाही. उलट इतकी खूश झाले, की ह्यांना हाक मारून सांगितलं, ‘अहो, म्हातारी बघा किती मॉडर्न आहे! प्रत्येक बारवर नातीचा फोटो पाहिजे म्हणते!’

केकवर लावतात तसा खायचा फोटो आपल्याकडेही छापून मिळतो, साखरेच्या पातळ कागदावर. प्रश्न होता कुठला फोटो. मी दादींच्या व्हॉट्सअॅपवर गेले, तर तिथे लावलेलाच होता की! दादी आणि कशिश शेजारी शेजारी, कशिशच्या अंगात हिरवागार लेहेंगा. हरावाला! बड़ा! सगळं जुळत होतं. ‘काट के’ म्हणजे काय तेही मला लगेच कळलं. दादींना कापायचं आणि एकट्या कशिशला ठेवायचं. मी दादींना कापलं.

बुधवारी छापलेले कागद आले. गुरुवारी सकाळपासून मी आणि ओव्हन. एका ट्रेमध्ये सोळा बार, असे तेरा घाणे. प्रत्येक घाणा वेळेवर कापला, एक बार मोडला नाही. संध्याकाळी मधाचं बोट फिरवून दोनशे कशिशा चिकटवल्या. टेबलावर, पलंगावर, टीव्हीच्या फळीवर, जिकडे बघावं तिकडे हिरव्या लेहेंग्यातली नवरी. ह्यांनी एक बार उचलला, बघितला आणि परत ठेवला. म्हणाले, ‘दुसऱ्याच्या पोरीचा चेहरा चावायला बरं वाटत नाही गं.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला कुणी चावायला सांगितलंय?’

शुक्रवारी सकाळी उठून बघते, तर गुळाचा ओलावा कागदात चढलेला. शाई फुटली होती. कशिशचे गाल सुजलेले, ओठ हनुवटीपर्यंत आलेले. एका रात्रीत दोनशे नवऱ्यांना गालगुंड! मी डोक्याला हात लावून बसले, तेवढ्यात दहा वाजता लाइट गेली. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते, ती संध्याकाळीच उगवते. हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे, म्हणून तर मी गुरुवारीच भाजून ठेवले होते.

आणि दार वाजलं. दादींच्या दुकानातला माणूस, हातात पुडकं.

‘आंटी, दादी ने फोटा भेजा है. बोली, बाज़ार का मत लेना, ये अच्छावाला है.’

मला वाटलं, देवच धावला! दादींनी चांगले, न फुटणारे फोटो छापून पाठवले! मी घाईघाईने पुडकं फाडलं. आत हिरवीगार, टपोरी वेलची.

‘ये तो इलायची है!’

‘हाँ, तो? सिंधी में फोटा बोलते हैं.’

तो गेला. मी पुडकं हातात धरून भिंतीला टेकले. फोटा म्हणजे वेलची. हरावाला म्हणजे हिरवी. आणि ‘काट के’ नाही, ‘कूट के’! कुटून घाल, असं सांगत होती ती माउली! आणि माझ्या बारमध्ये वेलचीचा एक दाणा नव्हता. मुद्दामच घालत नसे मी. वेलची घातली की सगळंच श्रीखंडासारखं लागतं, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

दादींना फोन करावा का? करून काय सांगणार? मुलगा शेजारीच असणार. ‘देखो अम्मा, मैं बोला था ना,’ हे वाक्य मला इथे अंबरनाथमध्ये बसून ऐकू येत होतं. फोन केला नाही. पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरींसाठी भरलेलं सामान घरात होतं, पण लाइटशिवाय ओव्हन म्हणजे नुसतं कपाट. मी चक्क रडायला लागले. ह्यांनी मला पाणी दिलं आणि गुपचूप माझ्या थोरल्या जाऊबाईंना फोन लावला.

जाऊबाई राहतात बदलापूरला, बेलवलीत. आमची जातच मिठागरांवरची, आता मिठागरं गेली पण जाऊबाईंच्या घरात खडे मिठाचं पोतं अजून असतं. तासाभरात त्या रिक्षातून उतरल्या. एका हातात अर्धं पोतं मीठ, दुसऱ्या हातात लग्नाच्या भाताचा टोप. घरभर पसरलेल्या सुजक्या नवऱ्यांकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

‘रडतंस कशाला गो? मीठ हाय ना घरान! आमचे आयेनं नानकटाई कशावर भाजली? तवा व्हता का तुजा ओव्हन?’

मी लॅबमधली बाई. मिठावर भाजायचं म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न, ‘पण तापमान किती?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘नाकाला इचार.’

टोपात चार बोटं खडे मीठ पसरलं, मोठ्या शेगडीवर ठेवलं. मीठ तापून तडतडायला लागलं की वर जाळी, जाळीवर थाळी, झाकण आणि झाकणावर खलबत्त्याचा दगड. त्याआधी जाऊबाईंनी बैठक मारून सगळी वेलची सोलली आणि चिमूटभर साखर घालून कुटली. त्या वासाने शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांनाही कामाला लावलं, एकीला ओट्स भाजायला आणि दुसरीला अक्रोड.

पहिला घाणा करपला. दुसरा मधोमध कच्चा. तिसऱ्याला जाऊबाई झाकणाला नाक लावून बसल्या आणि ‘काढ!’ म्हणून ओरडल्या. मी काढला. कडा सोनेरी, मधला भाग मऊ. कोमट होईस्तोवर आम्ही चौघी त्या थाळीकडे टक लावून होतो. पहिला तुकडा मी तोंडात टाकला आणि, काय सांगू, माझा इतक्या दिवसांचा तोरा त्या एका घासात उतरला! गूळ होता, सुंठ होती, आणि त्या सगळ्यांच्या वर ती वेलची अलगद येत होती. हे असंच असायला हवं होतं. मी जाऊबाईंना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, ‘सोर गो, करपतील ते.’

दुपारी दुसरा टोप आणला. पाचला लाइट आली तशी ओव्हनही जोडीला लावला. सातच्या सुमारास मोजले, तर दोनशे चार. कंबर मोडली होती, नखांत गूळ होता, आणि मला नाचावंसं वाटत होतं. सुजक्या नवऱ्यांचं काय केलं म्हणाल, तर बिल्डिंगमधल्या बायकांनी त्यांचे चेहरे सुरीने खरवडून बार नेले. एकच मी तसाच ठेवला, दादींना दाखवायला. खोटं बोलून पचवायची ताकद माझ्यात नव्हती.

शनिवारी मी आणि हे रिक्षाने खोकी घेऊन हॉलवर पोचलो. हरेश दारातच होता. त्याने खोक्यांकडे बघून मान हलवली, त्यात ‘या’ होतं की ‘कशाला’, ते कळलं नाही. दादी एका बाजूला खुर्चीवर बसलेल्या, नवी साडी, हातात मोबाइल. सगळे त्यांच्या पाया पडून पुढे जात होते, थांबत कुणी नव्हतं.

मी एक खोकं उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आधी वास घेतला, मग बार मोडला, मग खाल्ला.

‘फोटा अच्छा कूटा है,’ दादी म्हणाल्या.

मग माझ्याने राहवेना. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मी सगळं सांगून टाकलं आणि पर्समधला तो बार काढून त्यांच्या हातात दिला. दादींनी चष्मा लावला. सुजलेल्या कशिशकडे बघितलं आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मग फोटो निरखत म्हणाल्या, ‘पर इसमें तो मैं भी थी ना? मैं कहाँ गई?’

‘आपको काट दिया, दादी. आपनेच बोला ना, काट के डालना.’

त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी थोड्याच. माझ्या हातावर थापटून म्हणाल्या, ‘चल, तूने तो गलती से काटा.’

परत न विचारण्याची चूक मी जन्मात एकदाच केली, पण त्या क्षणी मला तिची जेवढी लाज वाटली तेवढी वेलचीपायीही वाटली नव्हती.

मिश्रीचा विधी झाला, बार वाटले गेले. मी खांबाआडून बघत होते. मुलाकडच्या एका वयस्कर बाईंनी एक खाल्ला, दुसरा मागितला आणि तिसरा रुमालात बांधला. कशिशने उभ्या उभ्या दोन संपवले. मुलाचे वडील हातात अर्धा बार घेऊन हरेशकडे गेले आणि म्हणाले, ‘भाई, ये कहाँ से मँगवाया? ऐसा तो हमने बचपन के बाद खाया ही नहीं.’ हरेशने तोपर्यंत तोंडाला लावला नव्हता. त्याने खोक्यातून एक उचलला, खाल्ला, खात खात आईच्या खुर्चीकडे बघितलं.

‘अम्मा का है,’ तो म्हणाला. ‘अम्मा ने बनवाया.’

इतक्यात केटरिंगवाला लगबगीने आला. लग्नाच्या जेवणाचं तोंडी ठरवून घ्यायला तो सकाळपासून हरेशच्या मागे होता. वही उघडून त्याने विचारलं, ‘सेठ, शादी में मीठा क्या रखना है?’

हरेश बार चघळतच होता. त्याने नुसता हात केला खुर्चीकडे.

‘अम्मा से पूछ.’

केटरिंगवाला वही घेऊन दादींपुढे जाऊन उभा राहिला. दादींनी मोबाइल पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला, शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला म्हणाल्या, ‘बैठ. टाइम लगेगा.’